हाडाजवळचं

दादाला मोठ्या वस्तूंची हौस लहानपणापासूनची. कॅन्सस सिटीत घर घेतलं त्या वर्षी त्यानं गणपतीच असा आणला की मखराची कमान काढून ठेवावी लागली. यात मिरवण्याचा भाग नव्हता, हे आधीच सांगते. बाबा लवकर गेले आणि आमच्या बांद्याच्या घरात सगळं मोजूनमापून यायचं. पाहुण्याला दुसऱ्यांदा भात वाढताना आईचा हात क्षणभर अडायचा. तो क्षण दादाच्या मनात रुतून बसला आहे. आपल्या घरी आलेल्या माणसानं पानावर आडवा हात धरून "आता बास" म्हणावं, एवढ्यासाठी तो राबतो.

थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरातला चौथा गुरुवार. १८६३ साली, यादवी युद्ध पेटलेलं असताना, लिंकननं हा आभाराचा दिवस जाहीर केला. चौथा गुरुवार कायद्यानं पक्का झाला तो १९४१ साली. त्या दिवशी अमेरिकेत घरोघर टर्की होते, आणि ज्याला जायला घर नाही त्याला आपल्या घरी जेवायला बोलवायचं, हीही या सणाची रीत. दादाच्या टेबलाभोवती दरवर्षी अशीच माणसं जमतात. शिकायला आलेली दोन मुलं, ऑफिसातली नवी जोडपी, ज्यांची पोरं लांब नोकरीला गेली आहेत असे मंडळातले एक काका-काकू. त्या वर्षी मोठी बारा आणि लहान चार, अशी सोळा पानं होती. मी ओमाहाला राहते; गाडीनं तीन तासांची वाट. आई त्या थंडीत माझ्याकडे आली होती. तिला घेऊन मी रविवारीच दादाकडे पोहोचले.

उन्हाळ्यात दादानं स्मोकर घेतला होता. उभा, काळा, पिंपासारखा, १८ इंच व्यासाचा. तळाशी कोळसा, त्यावर पाण्याचं पसरट भांडं, त्यावर एकाखाली एक दोन जाळ्या आणि वर घुमटासारखं झाकण. कोळशात लाकडाचे ढलपे टाकायचे आणि मंद आचेवर, धुरात मांस शिजवायचं. कोंबडीच्या तंगड्या त्यानं त्यावर फार सुरेख केल्या होत्या, असं वहिनी फोनवर सांगायची. यंदा टर्की धुरावर होणार होती.

रविवारी संध्याकाळी आम्ही दुकानातून आलो. दादानं गाडीतून पक्षी काढला तो तान्ह्या पोरासारखा दोन्ही हातांनी छातीशी धरून. बर्फानं दगड झालेला, २२ पौंडांचा, म्हणजे दहा किलोंचा. शेजारचे आजोबा अंगणात पानं ओढत होते. रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले, चाळीसहून अधिक वर्षं धुरावर मांस शिजवणारे. हे शहरच तसं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री पेरी नावाच्या कृष्णवर्णीय आचाऱ्यानं इथं भाजलेलं मांस वर्तमानपत्राच्या कागदात बांधून विकायला सुरुवात केली, आणि आज कोल्हापुरात तांबड्या रश्श्यावर जसं कुणीही अधिकारानं बोलतं तसं इथं मांसावर आणि लाकडावर बोलतात.

आजोबांनी पक्ष्याकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तुझा स्मोकर किती इंची आहे?"

दादाला वाटलं होतं ते आधी पक्ष्याचं कौतुक करतील. त्यानं माप सांगितलं.

"मग हा परत कर. अकरा अकरा पौंडांचे दोन घे."

"माणसं सोळा आहेत," दादा म्हणाला. "माणशी पौंड-सव्वा पौंड धरायचं, असंच सगळे सांगतात."

"बरोबरच सांगतात. मी कुठं कमी घे म्हणतोय? दोनांत घे म्हणतोय." त्यांनी खराटा झाडाला टेकवला. "हे बघ. ओव्हनची आच एकशे साठ अंशांची, तुझ्या स्मोकरची एकशे सात. धुरात ती बाहेरून आत शिरते फार सावकाश. पक्षी जितका जाड, तितका त्याच्या मधल्या भागाला वेळ लागणार. आणि मांस कोमट राहता कामा नये. गार चालेल, कढत चालेल, कोमट नाही. चार ते साठ अंश सेल्सिअस, एवढ्या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात. हा पट्टा पक्ष्यानं चार तासांच्या आत ओलांडला पाहिजे. म्हणून धुरावर बारा, फार तर चौदा पौंडांच्या वर जाऊ नये."

आपल्या ओळखीचा आकडा वापरायचा म्हणून त्यांनी फॅरनहाइटऐवजी सेल्सिअसमध्ये सांगितलं, ही त्यांची आपुलकी माझ्या तेव्हाच लक्षात आली. दादाच्या नाही. तो म्हणाला, "मी घाई करणार नाही. सकाळी सहाला चढवेन, जेवण दोनला. आठ तास देतो की त्याला."

"जास्त वेळ दिलास म्हणजे जास्त वेळ कोमट ठेवलंस, मुला," आजोबा म्हणाले आणि पुन्हा पानं ओढायला लागले. निघताना मात्र त्यांनी सांगितलं, "हवं तर एक माझ्या स्मोकरवर कर. माझ्याकडे मुलं येणार नाहीयेत यंदा."

घरात आल्यावर दादा वहिनीला म्हणाला, "टेबलावर दोन लहान पक्षी मांडायचे? माणसं काय म्हणतील, मोठा परवडला नाही?" वहिनी काही बोलली नाही. तिनं फ्रिजचा मधला कप्पा काढला आणि दूध, भाज्या, कोथिंबीर सगळं गॅरेजमधल्या थंड जागेत नेऊन ठेवलं.

बर्फ उतरायला फ्रिजमध्ये दर चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो. बावीस पौंडांना पाच दिवस. आमच्याकडे होते चार, तेही अपुरे.

त्या चार दिवसांत आई येता-जाता फ्रिज उघडून पक्षी बघायची. तिला तो ओळखीचा होता, आणि ही गोष्ट मला कायम नवलाची वाटत आली आहे. लहानपणी ती म्हापशाला एका ख्रिस्ती कुटुंबाकडे गेली होती, तेव्हा त्यांच्या परसात गळ्याला लाल लोंबती कातडी असलेला, पिसं फुलवून फिरणारा पक्षी तिनं पाहिला होता. घरातली म्हातारी त्याला "पेरू" म्हणत होती. आईनं झाडावर पेरू शोधला. पोर्तुगीज भाषेत टर्कीला पेरूच म्हणतात. मेक्सिकोतला हा पक्षी पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याला उतरला, आणि १६१२ साली मुकर्रब खाननं गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे दुर्मीळ प्राणी-पक्षी नेले त्यांत टर्कीही होती. तिच्या डोक्याचे नि मानेचे रंग कसे पालटतात ते बादशहानं स्वतः लिहून ठेवलं आणि उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मी आईला ते फोनवर दाखवलं. ती म्हणाली, "हाच. असाच सडपातळ होता तो. याला छाती बघ केवढी दिलीय, उशीसारखी." आजची पांढरी टर्की माणसानं छातीच्या मांसासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडत वाढवलेली आहे. आईनं ते नजरेनंच ओळखलं.

बुधवारी रात्री दादानं पक्ष्याच्या पोटात हात घातला तेव्हा बोटांना बर्फ लागला. तासभर गार पाण्यात ठेवून त्यानं तो काढला. गार पाण्यात बर्फ उतरवायचा तर पौंडाला अर्धा तास धरतात, आणि दर अर्ध्या तासाला पाणी बदलतात. म्हणजे अकरा तास. तेवढे नव्हते.

गुरुवारी पहाटे बाहेर उणे दोन होतं आणि वारा सुटला होता. दादानं कोळसा फुलवला, हिकरीचे ढलपे टाकले, पक्षी जाळीवर ठेवला. पंखांची टोकं पिंपाच्या पत्र्याला टेकली. झाकण नीट बसेना. तंगड्या दोरीनं आवळल्यावर एका बाजूला बोटभर फट ठेवून ते बसलं. त्या फटीतून दिवसभर वारा आत जात राहिला. आच कमी झाली की दादा झाकण उघडून बघायचा, आणि उघडलं की होती तीही आच निघून जायची. झाकणावरच्या काट्यावर त्याचा भरवसा होता. तो काटा झाकणाखालच्या हवेची गोष्ट सांगतो, मांसाच्या आतली नाही.

एक वाजता त्यानं आम्हा सगळ्यांना बाहेर बोलावलं. मी तो पक्षी विसरणार नाही. शिसवी लाकडासारखा गडद तांबूस, चकचकीत, धुराच्या वासानं भारलेला. पाहुणे येऊ लागले होते. एका मुलानं फोटो काढला. दादाच्या डोळ्यांत काजळी आणि आनंद दोन्ही होते. मोठा तांबडा थाळा त्यानं खास यासाठी विकत आणला होता.

माझा भाचा तेव्हा अकरा वर्षांचा. तो शेजारच्या आजोबांना जेवायला बोलवायला गेला होता. ते आले ते खिशात आपला तापमापक घेऊन. त्यांनी दादाकडे पाहिलं. दादानं मान हलवली. मांडीच्या जाड भागात, हाडाला टेकणार नाही अशी त्यांनी सुई खुपसली. आम्ही आकड्याकडे पाहत राहिलो. तो सत्तेचाळीसवर थांबला.

शिजलेल्या टर्कीचा आकडा चौऱ्याहत्तर. सात तास झाले होते.

"ओव्हनमध्ये घालू," दादा भरभर बोलायला लागला. "आच वाढवतो, दोन तासांत होईल, तोवर बाकीचं जेवण—"

आजोबांनी सुई पुसली. "शिजेल. पण इतक्या वेळात त्यात काही जंतूंनी विष सोडलेलं असू शकतं, आणि त्यातलं काही विष शिजवूनही जात नाही. जंतू मरतात, विष राहतं."

आईला इंग्रजी फारसं येत नाही. तिनं मला विचारलं, मी सांगितलं. मग तिनं त्यांना थेट विचारलं, मराठीतच, आणि मी दुभाषी झाले. "तुमच्या नातवंडांना वाढाल का?"

"नाही," ते म्हणाले.

जिनं आयुष्यात भाताचं शीत टाकलं नाही, खरवड पाण्यात भिजवून खाल्ली, त्या आमच्या आईनं थाळा उचलायला हात घातला. दहा किलोंचा थाळा तिला पेलेना. दादानं दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून तो गॅरेजपाशी नेला, पक्षी काळ्या पिशव्यांत बांधला, एकीवर एक तीन पिशव्या, कुत्रं-मांजर ओढू नये म्हणून. आईनं गाठ मारली आणि हात जोडले. कुणाला जोडले ते मी विचारलं नाही.

जेवण झालं. वहिनीचा मसालेभात होता, भरली वांगी होती, काकूंनी आणलेली पुरणपोळी होती, मुलांनी केलेला रताळ्यांचा गोड लगदा होता. कुणी उपाशी उठलं नाही आणि कुणी टर्कीचं नाव काढलं नाही. दादा वाढत राहिला, बसला नाही.

रात्री तो बाहेर स्मोकरपाशी उभा होता. पिंप अजून कोमट होतं. आई शाल घेऊन गेली, मी मागे.

"मी सगळ्यांना भरपूर मिळावं म्हणूनच केलं," तो म्हणाला.

"ते दिसतं रे," आई म्हणाली. थोड्या वेळानं ती बोलायला लागली ते तिसऱ्याच गोष्टीवर. "माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात पाचशे पान होतं. आचारी आले, त्यांनी परसात सात चुली मांडल्या. माझ्या काकांनी शेजारच्या देवळातून मोठी थोरली हंडी आणून ठेवली होती. म्हणाले, सगळा भात हिच्यात होऊ दे, एकदम, बघणाऱ्याचे डोळे निवले पाहिजेत. आचारी म्हणाला, काका, हंडी पाण्याला ठेवतो. भात सात टोपांत होणार. हिच्यात घातला तर तळाचा करपेल, वरचा गिजगोळा, आणि मधला कच्चा राहील. मधल्या तांदळापर्यंत माझा जाळ पोचायला हवा ना."

"मग?"

"मग काय, काका रुसले. लोक जेवले."

दादानं झाकणावरून हात फिरवला. खालच्या झडपा बंद केल्या. निखारे विझायला लागले तसा पत्रा टकटक आवाज करत गार होत गेला, आणि आम्ही तिघं तो ऐकत तिथेच उभे राहिलो.

पुढच्या वर्षी आई पुन्हा आली होती, आणि आम्ही पुन्हा रविवारी पोहोचलो. दादानं आजोबांना दुकानात बरोबर नेलं. त्यांनी मोठ्या नरांच्या रांगेकडे पाहिलंही नाही. माद्या लहान असतात, त्यांतून अकरा-अकरा पौंडांच्या दोन काढल्या. तेच बावीस पौंड. पिशवीवरचे बारीक अक्षरांतले शब्द त्यांनी भाच्याला वाचायला लावले, कारण पुष्कळ पक्ष्यांत कारखान्यातच मिठाचं पाणी टोचलेलं असतं, आणि अशा पक्ष्याला घरी पुन्हा मिठाच्या पाण्यात बुडवलं तर तो खारट होतो. या दोन्हींत ते नव्हतं. तीन दिवसांत बर्फ पूर्ण उतरला. बुधवारी भाच्यानं पोटात हात घालून आपण होऊन तपासलं.

मग आजोबांनी दणकट कात्री आणली आणि दादाला पाठीचा कणा कापून काढायला शिकवलं. कण्याच्या दोन्ही अंगांनी कापत जायचं, पक्षी उलटायचा, छातीच्या हाडावर तळवे ठेवून दाबायचं. कडकन आवाज होतो आणि पक्षी पुस्तकासारखा उघडतो. कुठंच फार जाड राहत नाही. आच सगळीकडे सारखी पोचते. पण असा पक्षी टेबलावर दिमाखात बसत नाही, हे उघड होतं. चपटा, पाय फाकलेला. दादा पहिल्याकडे पाहत थांबला. मग त्यानं दुसरा पुढे ओढला आणि स्वतः दाबला. काढलेले दोन्ही कणे वहिनीनं रश्श्यासाठी उकळायला ठेवले.

गुरुवारी स्मोकर पेटला दहाला. सहाला उठायची गरजच नव्हती. दादा आणि आजोबांनी आच एकशे पस्तीसवर आणून स्थिर केली, कारण फार मंद आचेवर पक्ष्याची कातडी चामड्यासारखी चिवट होते. हिकरीऐवजी सफरचंदाचं लाकूड, दोनच ढलपे. एक पक्षी वरच्या जाळीवर, एक खालच्या. झाकण अलगद, पूर्ण बसलं. दोन्हींत छातीत एक नि मांडीत एक अशा सुया, आणि त्यांच्या तारा बाहेर काढून भाचा वही घेऊन खुर्चीवर बसला. दर वीस मिनिटांनी आकडा लिहायचा. झाकण कुणी उघडलं नाही.

सव्वा वाजता वहीत छातीसमोर ७४ होते, मांडीसमोर ८०. दोन्ही पक्ष्यांचे.

पक्षी अर्धा तास तसेच ठेवून मग दादानं कापले. गेल्या वर्षीचा तांबडा थाळा त्यानं काढला होता. त्यावर तुकडे रचले, तरी काठ मोकळा राहिला. त्यात काकूंनी लिंबाच्या फोडी मांडल्या. पाहुणे बरेचसे गेल्या वर्षीचेच होते. यंदाही टर्की फसेल अशा अंदाजानं एकानं सामोसे आणले होते. ते शेवटी उरले.

दादा वाढत आईपाशी आला. छातीचा पांढरा, मऊ तुकडा तो तिच्या पानात ठेवणार होता.

"तो नको," आई म्हणाली. "हाडाजवळचं दे."

त्यानं मांडी दिली. आईनं ती सांध्याशी मोडली. टेबलावरचं बोलणं हळूहळू थांबलं. हाडालगतचं मांस गुलाबी होतं.

दादाच्या हातातला चमचा तसाच राहिला. मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा गेल्या वर्षी पिशवीला गाठ मारताना होता तसा झाला होता. आजोबा सावकाश म्हणाले, "लहान पक्ष्याच्या हाडातला रंग शिजताना आजूबाजूला झिरपतो. धुरानंही मांस गुलाबी होतं. रंग बघून काही कळत नाही, कच्चंही नाही आणि शिजलेलंही नाही." मी ते मराठीत सांगितलं. आईनं ऐकून घेतलं, पण हात हलला नाही.

भाचा उठला. त्यानं बाहेरून वही आणली आणि आजीसमोर उघडून धरली. काजळीची बोटं उमटलेलं पान, वाकडीतिकडी अक्षरं, दहा वाजल्यापासूनचे आकडे एकाखाली एक. त्याच्या बोटानं आईची नजर वरून खाली आणली, साठाच्या आकड्यापाशी थांबवली, शेजारची वेळ दाखवली आणि शेवटच्या ओळीपर्यंत नेली.

"आजी, आतलं मी मोजलंय," तो म्हणाला.

आईनं चष्मा सारखा केला. सगळं पान पुन्हा एकदा वाचलं. मग हाडालगतचा तो गुलाबी तुकडा बोटांनी सोडवून तिनं तोंडात घातला, आणि रिकामं पान दादाच्या पुढे करत म्हणाली, "आण अजून. आणि आता तू बस."